आईचे छोटे ताट

रात्री झाकपाक करण्याआधी आमची आई एक प्रश्न हटकून विचारायची, "उपाशी नाही ना कुणी?" घरी पाहुणा आला की पाण्याचा तांब्या हातात देतानाच "जेवलात का?" हा दुसरा प्रश्न. पाहुणा नको नको म्हणत असला तरी चतकोर भाकरी त्याच्या ताटात पडायचीच. अशा आईच्या पोटाचे ऑपरेशन झाले आणि तिचे जेवण वाटीभरावर आले. त्यानंतर आमच्या घरात काय काय झाले, ते आम्ही तिघे भावंडे, दोन बहिणी व एक भाऊ, मिळून लिहीत आहोत. यात आमच्या चुकाही आहेत. त्या वाचून दुसऱ्या एखाद्या घराचा त्रास वाचला तर लिहिल्याचे सार्थक होईल.

आई जालना जिल्ह्यातली. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा ती दहा वर्षांची होती. आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिच्या मागे. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. त्या मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तीही पोटभर नव्हती. लग्न होऊन आई कल्याणला आली. वडील रेल्वेत गँगमन होते. पगार बेताचाच, पण डबा भरलेला असायचा. "माझ्या लेकरांना पोटभर मिळालं" हा आईचा अभिमान होता. ताटात टाकलेले अन्न तिला बघवत नसे. आमच्या ताटात उरलेले ती स्वतः खाऊन टाकायची. सकाळची भाकरी, रात्रीचा भात, सगळे तिच्याच पोटात गेले.

वजन कधी वाढत गेले ते कळले नाही. 2021 साली वजनकाट्यावर 104 किलो आले. उंची पाच फुटांपेक्षा थोडी कमी. सोळा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन, गुडघे गेलेले. झोपेत श्वास अडकून ती दचकून उठायची. पथ्य तिने केले नाही असे नाही. कितीतरी वेळा आठ-दहा किलो कमी झाले आणि वर्षभरात परत आले. लोक म्हणायचे, तोंडावर ताबा नाही. आम्हीही मनातून तसेच समजत होतो. पुढे डॉक्टरांनी समजावले की वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते आणि खर्च कमी करते, म्हणजे शरीरच जुन्या वजनाकडे ओढ घेते. हा नुसत्या निश्चयाचा प्रश्न नाही. ते ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्या वर्षांत तिला कुणी निर्दोष म्हटले नव्हते.

ऑपरेशन ठरले ते गॅस्ट्रिक बायपासचे. ही शस्त्रक्रिया नवी नाही. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 साली ती प्रथम केली. आता ती दुर्बिणीतून, लहान छिद्रांतून होते. जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी, सुमारे 30 मिलीलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे तिला खालून आणून जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून व आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. त्यामुळे थोडक्यात पोट भरते, भुकेची व तृप्तीची संप्रेरके बदलतात आणि मधुमेहालाही उतार पडतो. दुसरा प्रकार स्लीव्हचा, त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. कुणाला कोणता, हे डॉक्टर तपासण्या करून ठरवतात. आम्ही तिघांनी पैसे जमवले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ऑपरेशन झाले.

आमची समजूत अशी, की ऑपरेशन झाले म्हणजे काम संपले. खरे काम त्यानंतर होते.

सुरुवातीला नुसते पातळ. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाची टोपी असते ना, तेवढे पाणी, तेवढे वरणाचे निवळ, घोट घोट. पुढे ताक, गाळलेले सूप, पातळ वरण. मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण. नियम थोडेच होते, पण पक्के होते. आधी प्रथिने म्हणजे डाळ, अंडे, मासे, पनीर. मग भाजी, शेवटी भाकरी-भात. घास बारीक चावायचा, घाई नाही. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. पोट भरल्याची खूण मिळाली की हात थांबवायचा.

शेवटचा नियम आमच्या घराला जड गेला. दुसऱ्या महिन्यात थोरली बहीण माहेरी आली. आईचा उतरलेला चेहरा पाहून तिला राहवले नाही. आईने अर्धी वाटी मऊ खिचडी खाऊन हात आखडला तर ही म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय आई? माझ्या हातचा भाकरीचा एक घास घे." आईने आयुष्यभर दुसऱ्यांना हेच म्हटले होते. लेकीला नाही कसे म्हणणार? तिने तो घास घेतला. पाच मिनिटांत छातीत कळ, तोंडाला लाळ सुटली, मग उलट्या. रात्री रिक्षा करून दवाखाना गाठला. भाकरी अडकली होती, ती सुटली, शिवण शाबूत होती. पण ती रात्र आम्ही विसरणार नाही. बहीण बाहेर बाकावर बसून म्हणत होती, "मी प्रेमानंच दिला होता." प्रेमाने दिला होता, यात शंका नाही. पण पोट ते मानत नाही.

त्यानंतर भावाने उलटे टोक गाठले. आईच्या प्रत्येक घासावर त्याची नजर. "आई, चावलंस का? आई, पाणी आत्ता नको. आई, किती खाल्लंस?" वहीत ग्रॅम लिहून ठेवायचा. आई एकदा वैतागून म्हणाली, "आधी दुष्काळात मुकादम बघितला, आता घरात बघतेय." आम्ही हसलो, पण तिचे म्हणणे खरे होते.

चौथ्या महिन्यात केस गळू लागले. फणी भरून केस. वजन झपाट्याने उतरताना बऱ्याच जणांचे तसे होते आणि काही महिन्यांत केस परत येतात. पण आई फक्त वरणाच्या पाण्यावर भागवत होती, प्रथिने पोटात जातच नव्हती. आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितले, दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, यावरून हिशेब कळावा. मग दिवसाचे सहा छोटे वाटे केले. उकडलेले अंडे, घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, दही, काटे काढलेला मासा. शिकायला सर्वांनाच वेळ लागला.

बाहेर लोकांची तोंडे चालूच होती. "काय हो, कॅन्सर झालाय का?" एका शेजारणीने तर सरळ म्हटले, "सून जेवायला घालत नाही वाटतं." आमच्या वहिनीने मिक्सरमध्ये वरण फिरवण्यात महिने घालवले होते. ती त्या दिवशी स्वयंपाकघरात रडत बसली. आईने तिचा हात धरून तिला त्या शेजारणीकडे नेले आणि म्हणाली, "माझं पोट डॉक्टरनं बारीक केलंय. ही आहे म्हणून मी उभी आहे." ऑपरेशन लपवून ठेवायचे असे आधी ठरले होते. त्या दिवसापासून लपवणे बंद केले.

मे 2022 मध्ये बुद्ध पौर्णिमा आली. विहारात खीर होती. आईने दरवर्षी त्या खिरीच्या पातेल्यापाशी उभे राहून वाढले आहे. कुणीतरी तिच्या हातात वाटी दिली. अर्धी वाटी तिने खाल्ली. थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. सतरंजीवर आडवी पडली. साखर एकदम आतड्यात उतरल्यामुळे असे होते, बायपासवाल्यांना गोडाचा हा धोका कायम असतो. तासाभराने बरे वाटले. पण घरी येऊन आई रडली. खिरीसाठी नव्हे. ती म्हणाली, "पोटभर मिळावं म्हणून जन्मभर राबले. आता मिळतंय तर पोटच नाही ठेवलं."

ह्या दुःखाचा आम्ही विचारच केला नव्हता. साखर उतरली, इन्सुलिन बंद झाले, वजन घटले, म्हणजे आई सुखी असणार असे आम्ही धरून चाललो होतो. पण जिने भूक पाहिली आहे, तिला भरलेल्या ताटात केवढा आधार असतो! तो आधार गेला होता. त्या रात्री कुणी तिला उपदेश केला नाही. ती जालन्याच्या, आजीच्या, मिलोच्या भाकरीच्या आठवणी सांगत राहिली. आम्ही ऐकत बसलो.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. दोणभर भात खाऊन धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला जेवणातली मात्रा ओळखण्याविषयी गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. त्याबद्दल रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचे जेवण नाळीभर भातावर आले, अंग हलके झाले. आम्ही ही गोष्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "राजा पैसे देऊन ऐकत होता. तुम्ही फुकट बोलता, म्हणून दिवसभर बोलता." थट्टा खरी, पण त्यात आमची चूक नेमकी आली. सुदस्सन जेवणाच्या वेळीच बोलत होता आणि राजाने स्वतः सांगितले म्हणून बोलत होता. आम्ही आईला विचारलेच नव्हते.

मग विचारले. तिने तीन गोष्टी सांगितल्या. माझ्या ताटाकडे बघू नका. मी पुरे म्हटले की पुन्हा विचारू नका. आणि मला एकटीला जेवायला बसवू नका. तेव्हापासून तिच्यासाठी एक छोटी ताटली आणली आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर सावकाश जेवतो. तिच्या ताटलीत उरले तर ते झाकून ठेवतो, टाकत नाही. तिने संपवायचे नाही, एवढाच नवा नियम.

वर्षभरात वजन 74 किलोवर आले. पण 2023 मध्ये आणखी एक चूक झाली. बरे वाटतेय म्हणून आईने गोळ्या सोडल्या आणि आम्हीही लक्ष दिले नाही. काही महिन्यांनी पायांना मुंग्या, जिना चढताना दम. तपासणीत बी-12 फार कमी, हिमोग्लोबिन 8. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, बी-12, ड जीवनसत्त्व शरीरात नीट शोषले जात नाही. म्हणून ह्या गोळ्या जन्मभराच्या असतात आणि रक्ताच्या तपासण्याही. इंजेक्शने घेऊन ती सावरली, पण डाव्या पायाची बोटे अजून थोडी बधिर आहेत. ऑपरेशनचा खर्च ठरवताना ह्या गोळ्यांचाही हिशेब धरावा, असे आम्ही कळकळीने सांगतो.

आज वजन 77 आहे. दोन-तीन किलो परत आले, त्याची आम्ही भीती घेतली नाही. मधुमेहाची एकच गोळी उरली आहे. कातडी सैल लोंबते, गुडघे पूर्वीसारखे झाले नाहीत, पण आई कल्याण स्टेशनचा पूल स्वतः चढते. हे ऑपरेशन सर्वांसाठी नाही, सोपे तर मुळीच नाही. ज्या घरात ते होणार असेल, त्या घरातल्या सर्वांनी आधी डॉक्टरांसमोर बसून नियम ऐकावेत. पोट एकाचे लहान होते, सवयी मात्र सगळ्या घराला बदलाव्या लागतात.

आई अजूनही रात्री विचारते, "उपाशी नाही ना कुणी?" पाहुण्यांना आग्रहही करते. मात्र दुसऱ्यांदा नको म्हटले की वाढायचा चमचा खाली ठेवते. परवा थोरलीच्या मुलाने अर्धी भाकरी ठेवून हात धुतला. पूर्वी आईने त्याला परत बसवले असते. ती म्हणाली, "पोट भरलं ना? मग ठेव झाकून. संध्याकाळी खा."