हलक्या अंगाची गाडी

माझ्याकडे १९९७ सालची मारुती झेन आहे. तिच्याविषयी आमच्या धर्मग्रामात दोन मते आहेत. वडीलधाऱ्यांना वाटते की फादरांना नवी गाडी परवडत नाही. तरुणांना वाटते की फादर शौकीन आहेत. दोन्ही मतांत तथ्य आहे, दुसऱ्यात किंचित अधिक. धर्मगुरूने मोटारगाडीवर इतका जीव लावावा काय, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला एकदा जेवणाच्या मेजावर विचारले होते. मी उत्तर दिले नाही. त्यांच्या गच्चीवर गुलाबाच्या चाळीस कुंड्या होत्या.

झेन आपल्या देशात १९९३ साली आली, तेव्हा मी गोरेगावच्या सेमिनरीत ईशज्ञानाचा विद्यार्थी होतो. रस्त्यांवर पद्मिनी, ॲम्बॅसिडर आणि मारुती ८०० यांचे राज्य होते. त्या गर्दीत ही बुटकी, गोलसर, जमिनीला बिलगून पळणारी गाडी प्रथम दिसली, तेव्हा आम्ही चार-पाच विद्यार्थी फुटपाथवर थबकून तिच्या मागे पाहत राहिलो होतो. जपानमधील सुझुकीच्या सेर्व्हो मोड या गाडीवरून ती बेतलेली होती, आणि इथे तयार होऊन युरोपात ‘आल्टो’ या नावाने जात असे. पुढे २००० साली भारतात आल्टो नावाची निराळीच गाडी आली आणि नावांचा हा गुंता आणखी वाढला. ‘झेन’ म्हणजे ‘झिरो इंजिन नॉइज’ असा खुलासा करणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र या शब्दाचा जुना प्रवास अधिक भावतो. आपल्या संस्कृतातील ‘ध्यान’ चीनमध्ये गेल्यावर ‘चान’ झाले, जपानमध्ये ‘झेन’ झाले, आणि अखेर चार चाके लावून गुडगावच्या कारखान्यामार्गे आपल्या दारी परतले.

तिचे इंजिन ९९३ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, ॲल्युमिनियमचे. अश्वशक्ती सुमारे ५०. हा आकडा ऐकला की आजची मुले हसतात. परंतु ही शक्ती किती ओझे ओढते, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. झेनचे वजन साडेसातशे किलोंच्या आसपास भरते. आजची मध्यम हॅचबॅक नऊशे किलोंची सीमा सहज ओलांडते. लांबी साडेतीन मीटर, रुंदी जेमतेम दीड मीटर. वसईच्या वाडीवस्तीतून जाणारे आमचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दीड मीटरचे महत्त्व सांगावे लागणार नाही. एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला केळीचे पान, समोरून पाण्याचा टँकर. अशा वेळी मोठ्या गाडीचा मालक आरसे मिटून घेतो आणि मी मात्र निघून गेलेला असतो.

माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीचे चाक वळवताना खांदे भरून येतात. पण गाडी धावू लागली की रस्त्याची प्रत्येक खबर तळहातावर येऊन पोहोचते. डांबर कुठे संपले, वाळू कुठे सुरू झाली, पुढचे डावे चाक कुठे पाण्यात गेले, हे डोळ्यांच्या आधी हाताला समजते. वेग ताशी पन्नासचा असतो, आणि आनंद मात्र शंभराचा.

या आनंदाची किंमत सांभाळण्याच्या कष्टांत मोजावी लागते. आमच्या पश्चिम पट्ट्यात समुद्राचा वारा लोखंड खातो. दाराच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती माती आणि पानांच्या चुऱ्याने बुजली की पाणी दारातच साचते आणि पत्रा आतून कुजत जातो. वरचा रंग फुगतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून दर जून महिन्यात मी विणकामाची सुई घेऊन चारही दारांची ती भोके मोकळी करतो. आमच्या स्वयंपाकीणबाईंना हा प्रकार अजून पटलेला नाही. सुईही त्यांचीच आहे.

दुसरे पथ्य पाण्याचे. इंजिन ॲल्युमिनियमचे असल्याने ते तापणे सोसत नाही. एकदा अतिशय तापले की हेड वाकते आणि गॅस्केट जाते. आमच्याकडच्या कित्येक विहिरींचे पाणी मचूळ आहे. तेच पाणी घागरीने रेडिएटरमध्ये ओतण्याची लोकांना सवय असते, आणि त्यातील क्षार ॲल्युमिनियमला आतून पोखरतात. माझे मिस्त्री या बाबतीत फार कडक आहेत. “फादर, वायनमध्ये विहिरीचं पाणी घालाल काय तुम्ही?” असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावले. तेव्हापासून डिकीत कूलंटचा एक डबा कायम असतो.

आणि तिसरा विषय कार्ब्युरेटरचा. साधारण २००० साली झेनमध्ये इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक योजना आली. माझी गाडी तिच्या आधीची. कार्ब्युरेटर हे एक भोळे यंत्र आहे. हवा आत ओढली जाते, तिच्या ओढीने एका ठराविक छिद्रातून पेट्रोल वर येते, आणि दोहोंचे मिश्रण इंजिनात जाते. त्या छिद्राला जेट म्हणतात. जेटला पेट्रोलचा दर्जा कळत नाही, उंची कळत नाही, ऋतू कळत नाही. त्याचा व्यास तेवढा खरा. अलीकडे, २०२५ पासून, देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले मिळू लागले आहे. इथेनॉलच्या अंगी स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या जेटमधून जाणारे मिश्रण पातळ पडते आणि सकाळी थंड इंजिन खोकू लागते. नव्या गाडीचे संगणक हे ओळखून इंधन वाढवतात. माझ्या गाडीचे संगणक म्हणजे मिस्त्रींचे कान. त्यांनी जेट किंचित मोठा घातला, जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा काढून इथेनॉल सोसणारे बसवले, आणि मला ताकीद दिली की गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये, कारण हे मिश्रण हवेतील ओल शोषते आणि टाकी आतून गंजते. म्हणून नाताळच्या धावपळीतही मी दोन दिवसांआड तिला निर्मळपर्यंत फिरवून आणतो. हे कर्तव्य मला जड जात नाही.

मिस्त्रींचे वय आता सत्तरीकडे झुकले आहे. कार्ब्युरेटर उघडून त्याचे सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडणारी त्यांची पिढी संपत आली. त्यांच्या हाताखालचा मुलगा संगणक जोडून दोष वाचतो; त्याच्या कामाला मी कमी लेखत नाही, पण माझ्या गाडीला त्याची तार जोडायला जागाच नाही. झेनचे उत्पादन २००६ साली थांबले. इंजिनाचे बरेच भाग मारुतीच्या इतर गाड्यांशी मिळतेजुळते असल्याने अजून मिळतात. दिव्यांच्या काचा, दाराची रबरे, आतले प्लास्टिक मात्र भंगारवाल्याकडे शोधावे लागते. एका भंगारवाल्याकडे माझा नंबर लिहून ठेवलेला आहे. झेन आली की तो फोन करतो. मी तिथे जातो तेव्हा मला अंत्यविधीला गेल्यासारखे वाटते, आणि तरीही परतताना हातात दाराची कडी असते.

आता बदलांविषयी. गाडीत फेरफार करणे हा शब्द उच्चारताच लोकांच्या डोळ्यांसमोर फुत्कारणारे सायलेन्सर आणि काळ्या काचा येतात. मी केलेले फेरफार कुणाच्या नजरेत भरत नाहीत. मूळचे टायर १४५/७० आर १३ होते. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के आणि आतली रिंग १३ इंचांची. त्याऐवजी मी १५५/६५ आर १३ बसवले. पकड थोडी वाढली आणि चाकाची एकूण उंची जवळपास तितकीच राहिली, त्यामुळे वेग दाखवणारा काटा खोटे बोलत नाही. शॉकअप नवे घातले, झिजलेले बुश बदलले. आणि मागच्या आसनावर पट्टे बसवून घेतले.

या पट्ट्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. माझी गाडी आली तेव्हा मागे पट्टे नव्हतेच, आणि कित्येक वर्षे त्यांची उणीव कुणालाही भासली नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आमच्याच जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते एका अत्यंत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या गाडीत मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या महामार्गावर गेलेल्या तरुणांची प्रेतसंस्कारविधीतील नावे मी स्वतः उच्चारली आहेत. ज्या गाडीच्या हलकेपणाचे कौतुक मी वर इतके केले, त्या हलकेपणाचा दुसरा अर्थ मला ठाऊक आहे: दाराचा पत्रा पातळ आहे, एअरबॅग एकही नाही, चाके लॉक होऊ न देणारे ब्रेक नाहीत. भोके पाडून, आतून पोलादी पट्टी देऊन, मिस्त्रींनी ते पट्टे पक्के केले. तरीही वेदीसेवक मुलांना घेऊन महामार्गावर जायचे असेल, तर मी धर्मग्रामाची नवी गाडी नेतो. मुले रुसतात. त्यांना झेनच हवी असते.

फेरफारांचा खरा प्रश्न माझ्यापुढे आला तो गेल्या वर्षी. आमच्या गावातील एक तरुण, मी ज्याला प्रथम ख्रिस्तप्रसाद दिला तो, संध्याकाळी दाराशी गाडी घेऊन उभा राहिला. गाडी झेनच, माझ्यापेक्षा एका वर्षाने धाकटी, गर्द लाल. “फादर, हिला आशीर्वाद द्या ना,” तो म्हणाला. मी बॉनेट उघडायला सांगितले. आत एस्टीमचे १२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. ही युक्ती जुनी आहे: दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली, त्यामुळे मोठे इंजिन लहान गाडीत फारसा विरोध न करता बसते, आणि गाडी अक्षरशः उडू लागते. त्याने मला एक फेरी मारून आणली. मला अतिशय मजा आली, हे लपवण्यात अर्थ नाही.

परतल्यावर मी विचारले, “ब्रेक कुठले रे?”

“झेनचेच, फादर.”

गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या अंगची ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकवतात. ती ऊर्जा ब्रेकच्या डिस्कनी उष्णतेच्या रूपात गिळायची असते. झेनचे ब्रेक ५० अश्वशक्तीच्या भुकेला मोजून दिलेले. त्यांच्यावर दीडपट ताकदीचे इंजिन सोडले की दोन-तीन जोराच्या ब्रेकनंतर पायाखाली कापूस दाबल्यासारखे वाटू लागते. मी त्याला म्हटले, “आशीर्वाद देईन. आधी मिस्त्रींकडे जा, एस्टीमच्या डिस्क बसवून घे. मग ये.” त्याचा चेहरा उतरला. चांगल्या गोष्टीचे श्रेय मिळवायला आलेला मुलगा परीक्षेला बसवला गेला होता.

मी त्याला दुसरीही गोष्ट सांगितली, आणि ती त्याला अधिक झोंबली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम असे सांगते की नोंदणीपत्रातील तपशील आणि निर्मात्याने ठरवलेले मूळ रूप यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अधिक ठामपणे उचलून धरले. त्याच्या आरसी बुकावर ९९३ घनसेंटिमीटर आणि जुना इंजिन क्रमांक होता. उद्या एखादा अपघात झाला, तर विमा कंपनी प्रथम तो क्रमांक पाहील. समोरच्या सायकलवाल्याच्या घरच्यांना मग कोण पैसे देणार? “पण फादर, सगळेच करतात,” तो म्हणाला. मी म्हटले, “तुझ्या आईला हे वाक्य बोलून दाखव.” तो गाडी घेऊन निघून गेला. त्यानंतर चार महिने रविवारच्या मिस्सेला तो मागच्या दाराने येत होता आणि मागच्या दाराने जात होता.

या काळात माझ्याही मनात शंका येत असे. मला ज्या गाडीचे वेड आहे तिचेच वेड त्यालाही आहे. वय तेवढे निराळे. त्याला इंजिन हवे होते, मला टायर हवे होते. मात्र माझ्या टायरचा हिशेब माझ्यापाशी संपतो, त्याच्या इंजिनाचा रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणापाशी. हा भेद त्याला माझ्या तोंडून कितपत पोहोचला असता, कोण जाणे. पोहोचवला तो मिस्त्रींनी. ते काही बोलले नाहीत. त्याच्या गाडीची पुढची चाके काढून त्याला निळ्या पडलेल्या डिस्क दाखवल्या.

डिस्क आता बदलल्या आहेत. पासिंगची तारीख जवळ आली आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी दहा हजार. माझी पाळी २०२७ मध्ये आहे. मी आतापासून एका डब्यात पैसे टाकतो आहे. त्याच्या गाडीचे मूळ इंजिन घरामागच्या पडवीत गोणपाटाखाली आहे. गेल्या आठवड्यात आम्ही तिघांनी ते उचलून मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेले. सिलिंडर बोअर करावे लागतील, रिंगा नव्या लागतील, दोन व्हॉल्व्ह गेले आहेत. एस्टीमचे इंजिन विकून खर्च भागेल असे दिसते. पाऊस ओसरला की काम सुरू होईल. आशीर्वादाची तारीख अजून ठरलेली नाही.