तबकडीची रोजकीर्द

श्रीपूरच्या एखाद्या व्यापारी घरात पूर्वजांनी जपलेल्या स्तवनांच्या तबकड्या संगणकावर उतरवायच्या ठरल्या, की पहिला प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरचा. ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य आहे. ध्वनिमुद्रण, गीतांची विभागणी आणि खरखर कमी करणे ही तिन्ही कामे त्यात होतात. परंतु खरखर किती गेली यापेक्षा मूळ किती राहिले, हीच खरी कसोटी. अतिशुद्धीच्या हव्यासात झांजेची धार आणि गायकाचा श्वासही पुसला जातो. पेढीवर रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही. खतावणी मात्र तिच्यावरून पुन्हा मांडता येते. तद्वत पहिले मुद्रण ‘फ्लॅक’ स्वरूपात अबाधित ठेवावे आणि स्वच्छता तिच्या प्रतीवरच करावी. ‘एमपी-थ्री’ आटोपशीर खरे. पण त्यात गाळलेला ध्वनी परत मिळत नाही. सुई प्रत्येक फेरीत तबकडी थोडी झिजवते; म्हणून घाई न करता, एकदाच आणि नीट उतरवावे.