पहिली ट्रिप

आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्याचा रथ निघतो. निम्मे कामगार सुट्टीवर असतात, म्हणून जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक कारखान्याचं शटडाऊन मला त्याच दिवशी मिळालं. एरवी एक्स्ट्रूडर बंद करा म्हटलं की मालकांचा चेहरा पडतो. माल आतच गोठतो, त्यांचंही चूक नाही.

तपासायचा होता तो त्यांचा अकरा केव्हीचा व्हॅक्यूम ब्रेकर, जुना झालेला. ‘अख्खं पॅनलच बदला’ असा सल्ला मालकांना आधीच मिळालेला. देणारा पॅनल विकणाराच होता, हे वेगळं सांगायला नको.

बरेच जण ब्रेकर बाहेर काढतात, ‘जरा मोकळा होऊ दे’ म्हणत दोन-चारदा चालू-बंद करतात आणि मग टायमिंग किट लावतात. रिपोर्ट छान येतो. पण महिनोन्महिने चालू स्थितीत बसलेल्या ब्रेकरला फॉल्टच्या वेळी पहिल्याच फटक्यात उघडायचं असतं. त्याला सराव कोण देणार? म्हणून शटडाऊन घेतानाची ट्रिप मी वाया जाऊ देत नाही. थोडा लोड चालू ठेवून ट्रिप कॉइलच्या वायरला एक क्लॅम्प आणि सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) सेकंडरीला दुसरा लावतो. कॉइलला करंट मिळाल्यापासून लाइनचा करंट तुटेपर्यंतचा वेळ रेकॉर्डरवर उमटतो.

तो आला ९२ मिलिसेकंद. नंतर किटवर ५१, ४९, ४८. किटवर फक्त कॉन्टॅक्ट सुटण्याचा वेळ कळतो. पण आर्क विझायचे दहाएक मिलिसेकंद वजा केले तरी पहिली ट्रिप फारच आळशी होती. कव्हर उघडलं तर लॅचच्या रोलरवर ग्रीस आणि धुळीचा काळा, चिकट थर. नखाने खरवडावा लागला.

इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरचं रीडिंग आधी कमी आलं. पावसाळी हवा, इन्सुलेटरवर ओलसर धूळ. कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा मेगर मारला, तर आकडा कितीतरी पटीने वर गेला.

कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स शंभर अँपिअर डीसी सोडून मोजला: आर फेजला ४६ मायक्रोओहम, वायला ४९, बीला १३१. एवढ्यावर ‘बी फेजची बॉटल गेली’ असं लिहून मोकळं होणारे आहेत. मी लीड सरकवून नुसत्या बॉटलवर, म्हणजे कॉन्टॅक्ट असलेल्या व्हॅक्यूमच्या बंद नळीवर मोजलं, तर तिन्ही जवळपास सारख्या. म्हणजे दुखणं पाठीमागच्या दोन्ही क्लस्टरमध्ये, पॅनलला जोडणाऱ्या स्प्रिंगच्या बोटांत. बोटांवरची चांदी उडालेली, स्प्रिंग ढिली. रोजच्या लोडला एवढ्याने काही होत नाही. फॉल्टचे हजारो अँपिअर आले की हीच बोटं जळतात. मग हाय-व्होल्टेज टेस्ट. नव्या ब्रेकरला २८ केव्ही देतात, जुन्याला त्याच्या ऐंशी टक्के. आमच्या बॉटल्सनी २२.४ केव्ही एक मिनिट धरलं. धरलं नसतं तर बॉटल बदलावीच लागली असती, तिची दुरुस्ती होत नाही. आणि त्या मॉडेलची बॉटल बाजारात मिळाली नसती, तर मीही ब्रेकर बदला असंच लिहिलं असतं.

लिहिलं ते असं: मेकॅनिझम धुऊन कंपनीने सांगितलेलंच ग्रीस लावा, बी फेजचे दोन्ही क्लस्टर बदला, ब्रेकर ठेवा.

मेंटेनन्सवाले आप्पा म्हणाले, “भाऊ, ते ब्याण्णव राहू द्या ना. टायमिंगचे बाकी सगळे आकडे चांगले आहेत.”

“आप्पा, खरा आकडा तोच आहे,” मी म्हणालो. “पुढचं शटडाऊन घ्याल तेव्हा ब्रेकर उघडायच्या आधी मला बोलवा.”