पी डी

परवा ऑफिसातल्या एकाने दार्जिलिंगहून येताना माझ्यासाठी चहाचं पुडकं आणलं. छान पुठ्ठ्याचा डबा, वर डोंगराचं चित्र, आणि खाली एका ओळीत छापलेलं – एफ टी जी एफ ओ पी १. मला आधी वाटलं गाडीचा नंबर आहे! मग त्या अक्षरांचा अर्थ शोधायला बसलो तो रात्रीचा एक वाजला. बायको म्हणाली, "एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर..." असो.

पण एवढं जागून शोधण्यामागे एक जुनं दुखणं होतं. ते वाटूरचं.

घरची मंडळी हे वाचतील, त्यांना वाटूर सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटूर फाटा लागतो, तिथून परतूरचा रस्ता फुटतो. या फाट्यावर माझ्या काकांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे आपलं ते, चार बाकडी, एक भट्टी, काळंकुट्ट झालेलं पातेलं आणि कपबश्या. एसटी थांबली की ड्रायव्हर-कंडक्टर आधी तिकडे वळायचे. काकांचा चहा लालभडक आणि कडक. एक घोट घेतला की मंठ्यापर्यंत डुलकी यायची नाही.

मी १९९६ साली पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच दिवाळीला गावी आलो तेव्हा जरा जास्तच शहाणा झालो होतो. हॉटेलात एका कोपऱ्यात चहाचं कागदी पोतं उभं होतं. त्यावर मळ्याचं नाव, वजन, आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत पी डी. होस्टेलवर एका मुलाने मला सांगितलं होतं की डी म्हणजे डस्ट, डस्ट म्हणजे चहाच्या कारखान्यातला केर, आणि तो गरिबांना विकतात. मी भर गिऱ्हाइकात म्हणालो, "काका, तुम्ही लोकांना धूळ पाजता. हे बघा, पोत्यावरच लिहिलंय."

दोघं-तिघं हसले. काका काही बोलले नाहीत, फडक्याने हात पुसत राहिले. मी आपला खुशीत, पुण्याच्या ज्ञानाचा पहिला उपयोग झाला म्हणून.

आता त्या अक्षरांकडे येतो.

आपण रोज पितो तो चहा बहुतेक सी टी सी असतो. क्रश, टेअर, कर्ल. चिरडा, फाडा, गुंडाळा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात विल्यम मॅककर्चर नावाच्या माणसाने हे यंत्र आणलं. दातेरी रूळ एकमेकांवर फिरतात, त्यातून ओली पत्ती जाते आणि तिचे बारीक गोळे होतात. मग ते आंबवायचे, वाळवायचे आणि चाळायचे. सगळी मेख या चाळण्यांत आहे. वरच्या चाळणीवर राहिलं ते ब्रोकन, म्हणजे बी ओ पी, बी पी वगैरे. त्याखाली फॅनिंग्ज, म्हणजे पी एफ, ओ एफ. सगळ्यात खाली डस्ट, त्यात पी डी म्हणजे पेको डस्ट. एका डस्टचं तर नाव आहे चूरामणी! कुणीतरी प्रेमाने ठेवलं असणार.

म्हणजे ही अक्षरं मुख्यतः दाण्याचा आकार सांगतात. काकू जात्यावर दळायची तेव्हा भरड वेगळी, सोजी वेगळी, पीठ वेगळं निघायचं. पीठ म्हणजे भरडीचा कचरा असं आपल्याकडे कुणी म्हणेल का? एकाच मळ्याची, एकाच दिवसाची पत्ती तीन चाळण्यांवर तीन नावं घेऊन बसते. डस्ट वाईट असू शकते, तशी ब्रोकनही असू शकते. दोन मळ्यांची पी डी लिलावात अगदी वेगळ्या भावाने जाते, कारण भाव चव घेणारा ठरवतो, अक्षरं नाही. कलकत्त्यात हे लिलाव १८६१ पासून चालत आलेत, गुवाहाटीला १९७० पासून.

आणि पेको म्हणजे काय, तर चिनी भाषेत कोवळ्या कळीवरची पांढरी लव. ओ म्हणजे ऑरेंज. पण संत्र्याशी काही संबंध नाही. डच राजघराण्याच्या नावावरून आलं असं सांगतात. माझ्या पुडक्यावरचा चहा मात्र सी टी सी नव्हे, ऑर्थोडॉक्स, म्हणजे पत्ती फार न मोडता वळलेली. त्यातली टी आणि जी ही अक्षरं सोनेरी कळ्या भरपूर आहेत असं सांगतात, तेवढं खरं. चहाच्या धंद्यातलेच लोक या लांबलचक नावाची थट्टा करतात – 'फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल'. म्हणजे तुमच्याआमच्यासाठी नव्हेच!

डस्टचा खरा गुण वाचला तेव्हा मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. दाणा जितका बारीक, तितका पाण्याला त्याचा स्पर्श जास्त. रंग लगेच उतरतो, कडकपणा लगेच येतो, दूध-साखर घातली तरी चहा दबत नाही. थोड्या पत्तीत जास्त कप होतात. एसटी दहा मिनिटं थांबणार, वीस माणसं एकदम उतरणार. अशा ठिकाणी याहून योग्य चहा कुठला? महाराष्ट्रात बारीक दाण्याला मागणी मोठी, तर गुजरातेत जाड दाणा चालतो. आपल्या जालन्यात चहाचं एक झुडूप नाही, तरी विक्रम चहा जालन्याचाच. ही सगळी माणसं काय धूळ ओळखू न येणारी होती?

अजून एक. चहाची चव घेणारे तज्ज्ञ १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती घेऊन ६ मिनिटं ठेवतात (त्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३) आणि मग चमच्याने फुर्रकन मोठा आवाज करत ओढतात. आवाज झालाच पाहिजे, त्याशिवाय वास नाकापर्यंत चढत नाही. काका बशीतून असंच ओढायचे. पुण्याचे मित्र घरी आले होते तेव्हा मला त्या आवाजाची लाज वाटली होती.

आता ते दुखणं. माझ्या त्या शहाणपणानंतर काय झालं ते मला बऱ्याच वर्षांनी काकूने सांगितलं. काकांनी पी डी बंद करून जाड दाण्याची ममरी आणली. महाग, आणि पातेल्याला पत्ती जास्त लागायची. चहाला रंगच येईना. ड्रायव्हर म्हणायला लागले, "काका, पाणी पाजू राहिले का?" गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलकडे वळलं. चार महिने काकांनी तसंच रेटलं, मग गुपचूप पुन्हा पी डी आणली. पण पोतं तेव्हापासून पत्र्याच्या डब्यात रिकामं करून टाकायचे. पुतण्याच्या नजरेला पडू नये म्हणून.

या दिवाळीला ते दार्जिलिंगचं पुडकं घेऊन वाटूरला गेलो. हॉटेल आता नाही, काकांचे गुडघे गेलेत. काकूने त्या एफ टी जी एफ ओ पीला दूध, साखर, आलं घालून खदखदा उकळलं (दार्जिलिंगवाल्यांनो, क्षमा!). काकांनी बशीत ओतला, फुर्रकन ओढला.

"वास हाये. दम न्हाई."

मग मी ओट्यावर खडूने तीन चाळण्या काढून सगळं समजावून सांगितलं. आणि म्हणालो, "काका, त्या दिवशी मी चुकलो होतो. डस्ट म्हणजे केर नसतो."

काका बराच वेळ त्या चाळण्यांकडे बघत होते.

"तू सांगेपर्यंत," ते म्हणाले, "मला वाटायचं पी डी म्हणजे परतूर डेपो."