हिशेबाची वही मुलांच्या हाती द्या!

सेवाग्रामहून परत आले आणि खारदांड्याच्या आमच्या कोळीवाड्यात जो भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे: नेतृत्व शिकवता येतं, सचोटी शिकवता येते, आणि त्याची रीत आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याजवळ, डोळ्यांनी पाहता येते!

२००५ पासून तिथे आनंद निकेतन ही गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीची शाळा पुन्हा सुरू आहे. मुलं परसबागेत राबतात, सूत काततात, रांधतात, झाडलोट करतात. अभ्यास त्यातूनच चालतो. मी तर थक्क झाले! पण मला झपाटलं ते या शिक्षणाच्या मुळाने. ते मूळ थेट आफ्रिकेत आहे!

साल १९१०. जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरची सुमारे ११०० एकर जमीन हर्मन कॅलनबाख यांनी गांधीजींच्या लढ्यातल्या सत्याग्रही कुटुंबांसाठी दिली. हाच टॉल्स्टॉय फार्म. तिथल्या भारतीय घरांतल्या मुलांचे, हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा साऱ्यांचे मास्तर खुद्द गांधीजी! नोकर एकही नाही. रांधण्यापासून मैला उचलण्यापर्यंत सगळं आपल्या हातांनी. आणि नियम केवढा जबरदस्त: शिक्षक स्वतः जे करत नाही, ते मुलांना सांगायचं नाही. कॅलनबाख ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला शिवायला शिकले, त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि मग मुलं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत टॉल्स्टॉय फार्मवरचा अनुभव नई तालीम होऊन देशापुढे आला. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने शाळा उभी केली. तिथले विद्यार्थी आपले मंत्री स्वतः निवडत. कुणाकडे सफाई, कुणाकडे स्वयंपाक, आणि कामाचा जाब आमसभेपुढे द्यायचा. विचार करा, शाळकरी वयाचा आहारमंत्री! डाळ कमी पडली, तर त्याच दिवशी सगळी पंगत त्याला विचारणार. तिथे लबाडी लपवणार कुठे?

आमच्या दांड्यात हे कुणाला समजवायला नको. पुस्तक वाचून कुणी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, होत नाही. खलाशी म्हणून जाळी ओढता ओढता, वारा ओळखता ओळखता माणूस तांडेल होतो, आणि वाटणी चोख ठेवली तरच खलाशी त्याच्या बोटीवर टिकतात. मग शाळेतल्या पोरांना आपण फळ्यावर नुसते सुविचार का लिहायला लावतो?

यंदा नारळी पौर्णिमेच्या वर्गणीची वही आठवी-नववीच्या मुलामुलींकडे देऊ या. पावत्या त्यांनी फाडाव्यात, खर्च त्यांनी मांडावा, जमाखर्च साऱ्या गावासमोर त्यांनीच वाचावा. मात्र टॉल्स्टॉय फार्मचा नियम आपल्यालाही लागू: आधी आपण मोठ्यांनी गेल्या वर्षीचा जमाखर्च त्या पोरांसमोर वाचायचा. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं. मी पहिली उभी राहते. आणखी कोण येतंय?