कुर्ल्याचा रफार

आमच्या घरात तीन लिप्या नांदतात. अम्मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली, मी मराठी माध्यमातला आणि माझा भाचा इंग्रजी माध्यमातला. बोलताना आम्ही एकमेकांच्या भाषेत सहज ये-जा करतो, पंचाईत होते ती वाचताना. विजेचं बिल मी वाचतो, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव भाचा वाचतो, जुने निकाहनामे अम्मीकडे जातात. रोजच्या जगण्यात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. भाच्याने कॉम्प्युटर गेम करायला घेतला आणि ते सगळं एकदम समोर आलं.

अकरावीतला पोरगा. त्याला गेम करायचा होता २६ जुलै २००५ वर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी पात्राबाहेर आली आणि कुर्ल्यातल्या तळमजल्यांवरचे संसार पाण्याखाली गेले. भाचा तेव्हा जन्मलाही नव्हता. पण आमच्याकडे दर पावसाळ्यात ती रात्र पुन्हा सांगितली जाते. अम्मीने जिन्यात स्टोव्ह पेटवून तळमजल्यावरच्या लोकांना रात्रभर चहा कसा पाजला, अब्बा सायनहून गळ्याइतक्या पाण्यातून कसे आले, हे त्याला तोंडपाठ आहे. गेम असा: सायनहून निघायचं, एलबीएस मार्गाने पाण्यातून चालत घर गाठायचं. मारामारी नाही, बंदूक नाही. वाटेत माणसं भेटतात, कुणी दोरी फेकतं, कुणी बिस्किटाचा पुडा देतं, कुणी सांगतं की पुढे गटाराचं झाकण उघडं आहे. त्यांचं ऐकलं तर पोहोचाल.

"पण मामू, नानीला वाचता आला पाहिजे," ही त्याची अट होती. म्हणजे संवाद मराठीत आणि उर्दूतही.

सुरुवात त्याने स्क्रॅचवर केली. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये लोकांसमोर आणलेलं हे मुलांचं सॉफ्टवेअर. कोड लिहायचा नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. अर्ध्या तासात त्याचा माणूस पडद्यावर चालायला लागला. सिमोर पेपर्ट या विषयात म्हणायचे की शिकण्याच्या साधनाची जमीन खाली हवी आणि छत उंच हवं. स्क्रॅच करणाऱ्या मिचेल रेझनिक यांनी त्यात भिंती रुंद असण्याची भर घातली. आमच्यासारख्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना ही उपमा पटकन कळते. स्क्रॅचची जमीन खरोखर खाली आहे. पण पडदा ४८० बाय ३६० ठिपक्यांचा आणि बोलण्याच्या फुग्यातल्या अक्षरांचा आकार ठरलेला. सत्तरीतल्या बाईने चष्म्यातून वाचावं असा गेम हा काही त्या साधनाचा हेतू नाही, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

मग त्याने दुसरं एक साधन घेतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी बरीच आहेत. तयार रस्ते, तयार झाडं, तयार पात्रं, सगळं उचलून ठेवायचं. दोन दिवसांत एलबीएस मार्ग उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने पहिली पाटी लिहिली आणि मला हाक मारली. पडद्यावर 'कुर्‌ला' असं आलं होतं. रफार ला वर चढलाच नव्हता, अर्धा र पाय मोडून तिथेच बसला होता. 'मिठी'ची पहिली वेलांटी म ला सोडून ठ च्या अलीकडे जाऊन उभी राहिली होती. उर्दूचं तर विचारू नका. प्रत्येक हर्फ सुटा आणि ओळ डावीकडून उजवीकडे.

कारण समजून घेतल्यावर राग थोडा निवळतो. अशी साधनं प्रत्येक अक्षराचं छोटं चित्र करून ठेवतात आणि टाइप होईल त्या क्रमाने चित्रं ओळीत मांडतात. इंग्रजीचं तेवढ्यावर भागतं. मराठीत ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, दिसते आधी. र लिहिला जातो ल च्या अगोदर आणि बसतो ल च्या डोक्यावर. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं, आणि नस्तालीकमध्ये तर शब्द उजवीकडून डावीकडे उतरणीवरून घसरत येतो. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने १९८१ मध्ये उर्दू छपाई संगणकावर आणली, त्यासाठी हजारो जोड हाताने लिहावे लागले होते. हे सगळं जमवणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. तो नसेल तर वापरणाऱ्याने बसवायची सोय तरी हवी. या साधनात दोन्ही नव्हतं. सोपं होतं, पण कुणासाठी सोपं, हे आधीच ठरलेलं होतं.

भाच्याने आठवडाभर जुगाड केला. प्रत्येक वाक्य दुसरीकडे लिहायचं, त्याचं चित्र काढायचं आणि गेममध्ये चिकटवायचं. चाळीस वाक्यांची ऐंशी चित्रं. मग अम्मीने सांगितलं की त्या रात्री बिस्किटं नव्हती, खारी होती. पुन्हा चित्रं.

इथे मला कुर्ल्याचीच एक गोष्ट आठवते. प्रीमियर पद्मिनी आमच्या इथे, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. चालवायला ती सोपी नव्हती, स्टिअरिंगशेजारचा गिअर शिकायला घाम निघायचा. पण गल्लीतला कुठलाही मिस्त्री तिचं बॉनेट उघडून काय हवं ते बदलायचा आणि टॅक्सीवाले छताला फुलांचं रेक्झिन लावून तिला आपली करून टाकायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. आताच्या गाड्या चालवायला मजा येते, बॉनेट उघडून मात्र फक्त बघता येतं. मला नव्या गाडीचा तिटकारा नाही. रोज बारा तास टॅक्सी चालवणाऱ्याला हलकं स्टिअरिंग ही चैन नसते. पण छताचं रेक्झिनसुद्धा बदलता येऊ नये, हे मला जाचतं.

शेवटी भाचा गोडोवर गेला. अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं हे गेम इंजिन २०१४ पासून मुक्त स्रोत आहे. फुकट आहे, उतरवायला शंभर एमबीसुद्धा लागत नाहीत, जुन्या लॅपटॉपवर चालतं. मार्च २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली आणि देवनागरी, अरबी अशा लिप्या नीट मांडण्याची सोय तिच्यात आली. ती सोय ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे त्याचं नाव हार्फबझ. मूळ फारसी, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुलं. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "हर्फबाज? म्हणजे पतंगबाजसारखा, अक्षरं उडवणारा?" मला तिचा अर्थ जास्त आवडला.

पण इथली जमीन खाली नाही. तयार रस्ता नाही, तयार माणूस नाही. जो माणूस स्क्रॅचमध्ये अर्ध्या तासात चालला, तो इथे चालायला नऊ दिवस लागले. मार्गदर्शन बहुतेक इंग्रजीत. भाच्याचं इंग्रजी चांगलं म्हणून निभावलं, माझ्या शाळेतला मुलगा दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बंद करून क्रिकेट खेळायला गेला असता. सगळं बदलता येतं असं म्हणणारे हे सोयीस्करपणे विसरतात. बदलायला वेळ लागतो, आणि अकरावीतल्या पोराच्या वेळेचा हिशेब त्याची आई ठेवते. माझ्या बहिणीने दोनदा चार्जर लपवला.

दहाव्या दिवशी पाटीवर 'कुर्ला' नीट उमटलं. उर्दूसाठी गुगलचा नोटो नस्तालीक फॉन्ट घेतला. मराठीच्या मापाने केलेल्या चौकटीत त्याचा माथा कापला जायचा, तेव्हा चौकट उंच केली. ते बदलता आलं. मगरीबनंतर अम्मीने पलंगावर बसून गेम खेळला. सायनपासून घरापर्यंत यायला तिला पाऊण तास लागला, कारण ती प्रत्येक माणसाचं बोलणं दोनदा वाचत होती. एका ठिकाणी थांबून म्हणाली, "इथे पाणी एवढं नव्हतं."

आता पाइप रोडवरच्या त्याच्या मित्राला असाच गेम करायचा आहे, आणि त्याला नऊ दिवस घालवायचे नाहीत. म्हणून भाच्याने आपल्या गेमचा साचा करून दिलाय. फक्त मराठी आणि उर्दू वाक्यं भरायची, बाकी तयार. पावसाचा वेग, माणसाची चाल आणि पाण्याची उंची त्याने बंद ठेवली आहे, "बिघडवेल तो" म्हणून. मित्राचा काल फोन आला होता. त्याला पाऊस नकोय, नेहरूनगरच्या मैदानावरची क्रिकेट मॅच हवी आहे. दोघांचं भांडण चालू आहे.