उभ्या असलेल्यांची नोंद

शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुले नेमकी किती हलतात, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाचा नव्हे, हे मान्य. पण उंब्रजला राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. बलोपासनेचा वारसा असा दाराशी असूनही वेळापत्रकातला सर्वांत पोरका तास 'पीटी'चाच. परीक्षा जवळ आली की गणित तो सहज उचलून नेते.

सातारा जिल्ह्याला मोजणी तशी नवी नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. तिथे हिशेब नमस्कारांच्या संख्येचा. 1991 मध्ये अमेरिकेत थॉमस मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी मांडलेली 'सोफिट' ही पद्धत निराळे पाहते. एका मुलाकडे दहा सेकंद पाहायचे, पुढचे दहा सेकंद लिहायचे; ठरावीक नोंदी झाल्या की दुसरे मूल. क्रियापदे अवघी पाच : निजणे, बसणे, उभे राहणे, चालणे आणि त्याहून जोरकस हालचाल.

एका शाळेच्या मैदानाकडेला बसून मी हे वहीत करून पाहिले. कबड्डी रंगात आली होती, आरडाओरडा टिपेला पोचला होता. वही मात्र 'उभे' आणि 'बसणे' यांनीच भरत होती. डोळा स्वभावतः चढाई करणाऱ्याकडे धावतो. पद्धत त्याला बळेच वळवून बाद होऊन रेषेबाहेर बसलेल्या मुलाकडे, लिंबाखाली ओढणी सावरत उभ्या असलेल्या मुलीकडे नेते. जो अशक्त तो आधी बाद. म्हणजे ज्याला व्यायामाची गरज अधिक, त्यालाच खेळ लवकर बसवतो. इतकी वर्षे मैदाने पाहूनही हे मला दिसले नव्हते.

आपणही कादंबरी वाचताना नायकामागेच धावतो. दुय्यम पात्राजवळ दहा सेकंद थांबण्याची शिस्त समीक्षेनेही शिकावी, असे वाटून गेले.

अर्थात आकडा 'का' सांगत नाही. ती मुलगी वाडीवरून पायी आली होती की तिला कुणी खेळायला बोलावलेच नव्हते, हे त्या पाच क्रियापदांत मावत नाही. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी वयाला दिवसाकाठी सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. ती मिनिटे कुठून येणार, हा प्रश्न क्रीडाशिक्षकांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येईल? उभे असलेले तर आपल्या वर्गांतही आहेत. फक्त ते बाकांवर बसलेले असतात.